अमेरिकन कादंबरी आणि आमचा दुष्काळी मुलूख

अमेरिकन कथावाङ्मयाचा मराठीशी संबंध केव्हा व कसा आला, याविषयी आमच्याकडे जे थोडेबहुत लिहिले गेले आहे, ते बहुधा मुंबई-पुण्यास बसून लिहिलेले आहे. अमुक ग्रंथाचे भाषांतर अमुक साली झाले, ते अमक्याने केले, तमक्याने छापले, अशी टाचणे जुळवून दिली म्हणजे इतिहास सांगून झाला असे समजण्याचा प्रघात पडला आहे. भाषांतरांच्या याद्यांचा उपयोग नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु एका देशाची कादंबरी दुसऱ्या देशात जाते ती केवळ पुस्तकांच्या गठ्ठ्यातून जात नाही. कधी ती एखाद्या अर्पणपत्रिकेतून येते, कधी यंत्रांच्या पेट्यांबरोबर येते. आणि कधी असेही होते की पुस्तक येण्यापूर्वीच तिच्या जातीचे रोप येथल्या मातीत आपोआप उगवलेले असते. हा शेवटचा प्रकार सातारा व सांगली या आमच्या मुलखात घडला, असे आमचे मत आहे, आणि ते वाचकांपुढे मांडावे एवढ्यासाठीच हा प्रपंच.

प्रथम मुलखाविषयी दोन शब्द. आज आपण सातारा आणि सांगली असे दोन जिल्हे म्हणतो. पण १९४९ पर्यंत हा बहुतेक प्रदेश साताऱ्याच्या एकाच जिल्ह्यात होता, व मध्ये मध्ये सांगली, मिरज, जत, औंध, फलटण या संस्थानांची ठिगळे होती. १९४९ साली दक्षिण सातारा निराळा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. पश्चिमेस महाबळेश्वरी वर्षास दोनशे इंचांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि पूर्वेस माणदेशात वीस इंच पडला तरी कुणबी देवापुढे नारळ फोडतो. एकाच मुलखाच्या या दोन टोकांमधील अंतर ज्याने पाहिले नाही, त्यास येथील वाङ्मयाचे मर्म कळावयाचे नाही.

या मुलखास अमेरिकेचे पहिले दर्शन कादंबरीतून झाले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकन मिशनचे लोक साताऱ्यास येऊन राहिले होते. पुढे त्याच शतकाच्या अखेरच्या दशकात डॉ. वॉनलेस यांनी मिरजेस रुग्णालय उभारले व मिरज हे वैद्यकीचे गाव झाले. अमेरिकन माणूस म्हणजे शाळा काढणारा, औषध देणारा आणि येशूची गोष्ट सांगणारा, एवढीच कल्पना लोकांच्या मनात होती. पण त्याच काळात या मुलखाशी नाते असलेल्या एका पुरुषाने अमेरिकेकडे अगदी निराळ्या दृष्टीने पाहिले. जोतीराव फुले यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण, आणि सावित्रीबाईंचे माहेर खंडाळा तालुक्यातील नायगाव. १८७३ साली जोतीरावांनी आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला व तो अर्पण केला, तो युनायटेड स्टेट्समधील ज्या सज्जनांनी निग्रो गुलामांच्या मुक्ततेसाठी झीज सोसली त्यांस. तिकडे गुलामगिरी कायद्याने नष्ट होऊन तेव्हा अवघी आठ वर्षे झाली होती.

ही अर्पणपत्रिका कादंबरी नव्हे, हे आम्हांस कळते. तथापि अमेरिकेत गुलामगिरीविरुद्ध जे लोकमत तयार झाले, त्यात एका कादंबरीचा वाटा केवढा होता हे विसरून चालणार नाही. हॅरिएट बीचर स्टो यांची 'अंकल टॉम्स केबिन' १८५२ साली पुस्तकरूपाने निघाली आणि पहिल्या वर्षातच तिच्या तीन लाख प्रती अमेरिकेत खपल्या. कलेच्या दृष्टीने ती थोर कादंबरी आहे असे आम्ही म्हणणार नाही. तिच्यात अश्रूंचा पूर फार आहे, आणि टॉमच्या सोशिकपणाचा पुढे खुद्द निग्रो लेखकांनाच वीट आला. पण गोष्ट सांगून एका राष्ट्राचे मन हलविता येते, हे तिने दाखविले. जोतीरावांचा ग्रंथही गोष्टीच्याच अंगाने चालतो. धोंडिबा प्रश्न विचारतो, जोतीबा उत्तर देतो, आणि दोघांची भाषा बोलण्यातली आहे. ज्या काळी आमचे शास्त्रीमंडळ गद्यास संस्कृताचा साज चढविण्यात गुंतले होते, त्या काळी वादाच्या ग्रंथास बोली चालते हे त्यांनी ओळखले. बोलीचा हा धागा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

यानंतरची पन्नास वर्षे आम्ही भराभर ओलांडतो. इंग्रजी शिक्षण आले, पण त्याबरोबर अमेरिका आली नाही. कॉलेजांत इंग्रजी म्हणजे इंग्लंडचे वाङ्मय. स्कॉट, डिकन्स, थॅकरे यांपुढे अमेरिकन कथाकारांस कोण विचारतो! एमर्सनचा एखादा निबंध किंवा लाँगफेलोची एखादी कविता क्वचित वाचली जाई. यात आमच्या विद्यापीठांचाच दोष होता असेही नाही. मेल्व्हिलची 'मोबी डिक' १८५१ साली निघाली, पण तिची थोरवी खुद्द अमेरिकेस कळावयास १९२० नंतरचे दशक उजाडावे लागले. सांगलीजवळ विश्रामबागेत विलिंग्डन कॉलेज १९१९ साली सुरू झाले, त्या वेळी अमेरिकन कादंबरी हा शिकविण्याजोगा विषय आहे असे म्हणणाऱ्यास वेड्यातच काढले असते.

मात्र कॉलेजापासून थोड्याच अंतरावर, कुंडलच्या माळावर, अमेरिका निराळ्या वेषाने येऊन ठेपली होती. १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या निवडुंगाने भरलेल्या जमिनीवर लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी नांगरांचा कारखाना मांडला. त्यांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या प्रसिद्ध तंत्रविद्यालयात शिकून १९२६ साली पदवीधर झाले. याच किर्लोस्करवाडीतून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे पत्रक निघाले. त्याचेच शं. वा. किर्लोस्कर यांच्या हातून 'किर्लोस्कर' मासिक झाले, १९३० साली त्यास 'स्त्री' ची व १९३४ साली 'मनोहर' ची जोड मिळाली. नांगराच्या फाळाबरोबर लघुकथा घरोघर पोचविण्याची ही किमया हिंदुस्थानात दुसरीकडे क्वचितच झाली असेल.

आता या मासिकांच्या युगात लघुकथेचे जे रूप मराठीत लोकप्रिय झाले, त्याचे कूळ शोधू लागले की वाट अमेरिकेसच जाते. कथेत एकच परिणाम साधावा, पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत सारे त्या परिणामाच्या चाकरीस लावावे, हा सिद्धांत एडगर ॲलन पो यांनी हॉथॉर्नच्या कथांचे परीक्षण करताना १८४२ साली मांडला. आणि शेवटच्या ओळीत वाचकाच्या पायाखालचे जाजम ओढून घ्यावे, ही हिकमत ओ. हेन्री यांनी घरोघर नेली. कोल्हापुरास राहून प्रो. ना. सी. फडके यांनी तंत्राचा जो हिरिरीने पुरस्कार केला व १९३१ साली 'प्रतिभासाधन' लिहिले, त्यातील विचारांचे गोत्र हेच. आमचे म्हणणे एवढेच की त्या वेळी अमेरिकेकडून आम्ही घड्याळाची चाके उचलली. चाके उत्तम होती. पण घड्याळ कोणाच्या घरातली वेळ दाखविणार, हा प्रश्न तंत्राच्या पुस्तकांत नव्हता. नायक पदवीधर, नायिका सुशिक्षित, टेनिसचे मैदान जवळ. आणि मासिक ज्या माळावर छापले जाई, त्या माळावरची माणसे कथेत आलीच तर निरोप्या किंवा गाडीवान म्हणून येत.

सांगलीस १८९८ साली जन्मलेले वि. स. खांडेकर या तंत्रवाद्यांत कधीच पुरते बसले नाहीत. त्यांस तंत्रापेक्षा तळमळ प्रिय. योगायोग पाहा, त्यांनी मराठीस ज्या परदेशी लेखकाची गोडी लावली तो खलील जिब्रान लेबाननचा खरा, पण न्यूयॉर्कमध्ये राहून इंग्रजीत लिहीत असे. त्यास अमेरिकन म्हणावे की नाही याचा निकाल विद्वानांनी लावावा. खांडेकरांच्या रूपककथांना जो रंग आहे तो हडसन नदीच्या काठावरून आलेला आहे, हे आम्हांस मोठे मौजेचे वाटते.

येथवर जे सांगितले ते आयात मालाचे वर्णन झाले. मुख्य गोष्ट यापुढेच आहे.

१९३० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या मध्यभागी, ओक्लाहोमा व आसपासच्या प्रांतांत, लागोपाठ अवर्षणे पडली. अविचाराने नांगरलेल्या गवताळ जमिनीची माती वाऱ्यावर उडून गेली, कुळांची कर्जे फिटेनात, बँकांनी व जमीनदारांनी शेते ताब्यात घेतली, आणि जेथे दहा कुटुंबे राबत तेथे एक ट्रॅक्टर फिरू लागला. लक्षावधी माणसे मोडक्या मोटारींत संसार भरून पश्चिमेस कॅलिफोर्नियाकडे निघाली. जॉन स्टाइनबेक यांची 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' ही या लोकांची कादंबरी. ती १९३९ साली निघाली. तिच्यातील जोड कुटुंब घर सोडते, वाटेत आजोबा मरतो, आजी मरते, आणि ज्या सुपीक देशाची स्वप्ने पाहत ते जातात तेथे त्यांच्या वाट्यास फळबागांतली वेठ आणि पोलिसांचे दंडुके येतात. कॅलिफोर्नियातील कर्न परगण्यात या पुस्तकाची होळी झाली. पुढच्याच वर्षी त्यास पुलित्झर पारितोषिक मिळाले.

याच सुमारास आमच्या आटपाडीजवळच्या माडगुळे गावी एक बारा वर्षांचा मुलगा माळावर हिंडत होता. ते गाव औंध संस्थानात मोडे. व्यंकटेश माडगूळकर १९२७ चे. बेचाळीसच्या धामधुमीत त्यांची शाळा सुटली. इंग्रजी त्यांनी पुढे स्वतःच्या हिकमतीवर कमावले. १९४९ साली त्यांची 'माणदेशी माणसं' निघाली, आणि १९५५ साली 'बनगरवाडी'. राजाराम विठ्ठल सौंदणीकर हा कोवळा मास्तर मेंढरे राखणाऱ्या धनगरांच्या वाडीवर शाळा चालवावयास येतो. शाळेस विद्यार्थी नसतात. वाडीचा म्हातारा कारभारी त्यास हाताशी धरतो. हळूहळू मास्तर वाडीचा होतो, लोकांची पत्रे लिहितो, भांडणे मिटवितो, तालीम बांधवितो आणि तिच्या उद्घाटनास खुद्द राजेसाहेब येतात. औंधच्या राजेसाहेबांचे व्यायामप्रेम ज्यांस ठाऊक आहे त्यांस हा प्रसंग वाचताना हसू आल्यावाचून राहत नाही. मग पाऊस दगा देतो. चारा संपतो, मेंढरे मरू लागतात, आणि एकेक घर उठून वाडी ओस पडते. शेवटी बदली होऊन मास्तरही निघतो.

स्टाइनबेकची कादंबरी पाहून माडगूळकरांनी आपली लिहिली असे सुचविण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. तशी उसनवारी दाखविण्याचा छंद आमच्या टीकाकारांस फार आहे, आणि त्याचा कंटाळा यावा इतके तसले लेखन झाले आहे. दोन निरनिराळ्या खंडांत, सोळा वर्षांच्या अंतराने, उजाड होणाऱ्या जमिनीची आणि उठून जाणाऱ्या माणसांची अशी दोन पुस्तके व्हावीत, यातच खरा अर्थ आहे. पश्चिम अमेरिकेच्या रखरखीत प्रदेशाचे वर्णन इंग्लंडच्या कादंबरीत सापडावयाचे नाही, कारण तेथे पाऊस फार. आम्ही मात्र शंभर वर्षे डेव्हनशायरच्या हिरव्या कुरणांवर वाङ्मयीन दृष्टी जोपासली. माण नदीच्या कोरड्या पात्राशी ज्याचे सख्य, तो देश दुसराच होता.

साम्य पाहिले, आता भेद पाहू. तो साम्याहून महत्त्वाचा आहे. जोड मंडळी जातात ती परत न येण्यासाठी. त्यांस कोणी हाकलले, हे स्टाइनबेक पानोपानी विचारतो. जमीनदार म्हणतो बँकेने सांगितले. बँकेचा माणूस म्हणतो, बँक माणसांहून मोठी आहे, तिचे कोणाच्या हाती काही नाही. बंदूक घेऊन कुळाने नेम कोणावर धरावा? बनगरवाडीत हा प्रश्न नाही. तेथे वैरी एकच, आकाश. आणि आकाशावर नेम धरता येत नाही. माणसे कुरकुर न करता मेंढरे पुढे घालून निघतात, जगली तर पावसाबरोबर परत येतील. माडगूळकरांची नजर इतकी स्वच्छ आणि शब्द इतके मोजके की या सोसण्यास एक प्रकारचे सौंदर्य येते. आम्ही ही कादंबरी मराठीतील पहिल्या पाच-सहा कादंबऱ्यांत धरतो. तरीही एक शंका मनात राहतेच. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत कुणब्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. दख्खनच्या दुष्काळास नेहमीच वही-खात्याची दुसरी बाजू होती. ती वही बनगरवाडीच्या वेशीबाहेर राहिली. ग्रेप्समध्ये राग आहे व तो कधी कधी कलेचा तोल घालवितो. बनगरवाडीचा तोल कधी जात नाही, आणि त्याची किंमत म्हणून राग नाहीसा झाला आहे.

तो राग याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास, वारणेच्या खोऱ्यात, दुसऱ्या लेखकाच्या वाट्यास आला. अण्णा भाऊ साठे वाळवा तालुक्यातील वाटेगावचे, जन्म १९२० चा. १९३१-३२ च्या सुमारास पोटासाठी त्यांचे कुटुंब गाव सोडून मुंबईस गेले, तेही पायी. जोड कुटुंबाजवळ निदान एक खटारा मोटार तरी होती! अण्णा भाऊंचे गुरू रशियन, विशेषतः गॉर्की; अमेरिकन कादंबरीशी त्यांचे सूत जोडण्याचा आग्रह आम्ही धरणार नाही. परंतु 'फकिरा' ही त्यांची १९५९ ची कादंबरी स्टाइनबेकचाच प्रश्न विचारते. फकिरा दुष्काळात धान्य लुटून उपाशी लोकांत वाटतो, तेव्हा दुष्काळ ही केवळ आकाशाची करणी राहत नाही. कोठारास कुलूप लावणारा हातही दिसू लागतो. ज्या भूमीवर १९४२ ते १९४६ पर्यंत नाना पाटलांचे प्रतिसरकार चालले, तेथे अशी कादंबरी जन्मास यावी यात नवल ते काय! बनगरवाडी आणि फकिरा शेजारी शेजारी ठेवून वाचावयास हव्यात. एकीत सोसणे आहे, दुसरीत उठणे आहे. स्टाइनबेकने दोन्ही एका पुस्तकात कोंबली म्हणून त्याचे पुस्तक फुगले.

आता बोलीचा जो धागा मागे सोडला होता तो हाती घेऊ. अमेरिकन कादंबरीचा जगावर सर्वांत मोठा उपकार कोणता, असे आम्हांस कोणी विचारले तर आम्ही मार्क ट्वेनच्या 'हकलबेरी फिन' कडे बोट दाखवू. हे पुस्तक १८८४ साली इंग्लंडात व पुढच्या वर्षी अमेरिकेत निघाले. पात्रांच्या तोंडी बोली घालणे नवे नव्हते. स्कॉटने तेच केले होते. ट्वेनने जे केले ते असे की लेखकाची खुर्चीच एका अडाणी, उनाड पोरास दिली. वर्णन त्याचे, निवेदन त्याचे, मिसिसिपी नदीवरची पहाट त्याच्याच व्याकरणदुष्ट भाषेत उगवते. सभ्य लोक चिडले. काँकर्ड गावच्या ग्रंथालयाने पुस्तक बाहेर काढले. पण एकदा ही खुर्ची बदलल्यावर अमेरिकन कादंबरीस मागे वळता आले नाही. पुढे फॉक्नरने १९३० साली 'ॲज आय ले डाइंग' मध्ये मिसिसिपीच्या एका दरिद्री कुटुंबाची कहाणी पंधरा जणांच्या तोंडून, ज्याच्या त्याच्या वाणीत, सांगितली.

आमच्याकडे पाहा. बनगरवाडीत धनगर माणदेशी बोलतात, आणि काय गोड बोलतात! पण त्यांच्याविषयी सांगतो तो मास्तर, आणि त्याचे मराठी शाळेतले आहे. ही खोड नव्हे. मास्तर बाहेरचा आहे, तेव्हा त्याची भाषा तशीच असणार. फकिराचेही निवेदन ग्रांथिक भाषेत चालते, कित्येकदा नाटकी म्हणावे इतक्या. ग्रामीण माणूस मराठी कथेत बोलू लागून पन्नास वर्षे झाली, तरी सांगू लागला नव्हता. अवतरणचिन्हे ही त्याच्या गावाची वेस होती. ती वेस खऱ्या अर्थाने मोडली आनंद यादव यांच्या 'गोतावळा' ने, १९७१ साली. यादव कागलचे, म्हणजे आमच्या दक्षिणेचे शेजारी. नारबा नावाचा एकटा गडी मळ्यातल्या जनावरांत राहतो, तीच त्याची सोयरी. आणि सारी कादंबरी तो आपल्या बोलीत सांगतो. त्याच्या धन्याच्या मळ्यात ट्रॅक्टर येतो आणि जनावरे एकेक करून जातात. स्टाइनबेकचा ट्रॅक्टर आणि ट्वेनची खुर्ची अशी एकाच पुस्तकात, कागलच्या मळ्यात, गाठ पडलेली पाहून आम्हांस जो आनंद झाला तो शब्दांत सांगणे कठीण. हक फिनपासून नारबापर्यंत जवळजवळ नव्वद वर्षे गेली. यादवांच्या पुस्तकास लोक ग्रामीण म्हणून बाजूस ठेवतात. ते मराठी गद्याच्या इतिहासातले वळण आहे, हे अद्याप पुरेसे कोणी म्हटलेले नाही.

प्रत्यक्ष भाषांतरांचा ओघ या साऱ्यानंतर, किंवा याच्या बरोबरीने आला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सरकारने आपल्या ग्रंथांची देशी भाषांत भाषांतरे व्हावीत म्हणून हात सैल सोडला. त्यामागे रशियाशी चाललेली चढाओढ होती हे उघड आहे. हैदराबादेस १९६४ साली अमेरिकन अभ्यासाचे केंद्र निघाले व कॉलेजांतून अमेरिकन वाङ्मयाची निराळी पत्रिका येऊ लागली. हेतू कसलाही असो, मराठीच्या पदरात काही अस्सल माल पडला. पु. ल. देशपांडे हे काही काळ विलिंग्डनचे विद्यार्थी. त्यांनी १९६५ साली हेमिंग्वेच्या 'द ओल्ड मॅन अँड द सी' चे 'एका कोळियाने' केले. कोळी म्हणजे मासे मारणारा आणि कोळी म्हणजे जाळे विणणारा किडा. शाळेतली जुनी कविता आठवून ठेवलेल्या या नावात म्हाताऱ्याची चिकाटी नेमकी पकडली आहे. शांता शेळके यांनी लुइझा मे ऑल्कॉटची 'लिटल विमेन' 'चौघीजणी' या नावाने अशी आणली की त्या बहिणी जणू आपल्याच गल्लीतल्या. आणि १९६७ साली राम पटवर्धन यांचे 'पाडस' निघाले. मार्जरी रॉलिंग्ज यांच्या 'द यर्लिंग' मध्ये फ्लोरिडाच्या रानात राहणाऱ्या पोराने जीव लावून वाढविलेले हरिणाचे पाडस शेतातले कोवळे पीक खाऊ लागते, आणि पीक गेले तर घर उपाशी मरणार म्हणून त्यास मारावे लागते. पुण्याच्या वाचकास ही करुण कथा वाटते. खटाव-माणच्या वाचकास ती हिशेबाची गोष्टही वाटते, आणि म्हणून अधिक करुण.

या ओघातले सर्वांत विलक्षण काम धारवाडास झाले. तेथे इंग्रजी शिकविणारे जी. ए. कुलकर्णी यांनी कॉनरॅड रिक्टर या फारशा गाजावाजा नसलेल्या अमेरिकन कादंबरीकाराची त्रयी 'रान', 'शिवार' आणि 'गाव' या नावांनी मराठीत आणली. ओहायोच्या घनदाट अरण्यात एक कुटुंब येते. झाडे तोडली जातात, शेते होतात, शेताचे गाव होते, आणि ज्या बाईने हे सारे उभे केले तिला म्हातारपणी तोडलेल्या झाडांची आठवण छळू लागते. तीन साधे मराठी शब्द, पण त्यांत वसाहतीचा सारा इतिहास आला. 'शिवार' हा शब्द सुचावयास इंग्रजी कोशाचा उपयोग होत नाही. त्यासाठी सीमेवरच्या मुलखात राहावे लागते.

लोकप्रिय कादंबऱ्यांविषयी थोडक्यात सांगतो. नारायण धारप यांच्या 'लुचाई' मागे स्टीफन किंगची 'सेलम्स लॉट' उभी आहे, हे भयकथांच्या वाचकांनी केव्हाच ओळखले. मेहता पब्लिशिंग हाउसने रॉबिन कुकच्या रुग्णालयातील खूनखराब्याच्या कथा मराठीत आणल्या; मिरजेसारख्या गावात राहणाऱ्याने त्या शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री न वाचलेल्या बऱ्या. या पुस्तकांना नाके मुरडणाऱ्यांत आम्ही नाही. वाचनालयांची वर्गणी त्यांवर चालते. मात्र त्यांतले शहर कोठेही असू शकते, आणि जे कोठेही असू शकते त्यास मुलूख नसतो.

निग्रो लेखकांची गोष्ट निराळी. भीमराव आंबेडकर हे १९०० सालच्या नोव्हेंबरात साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. साताऱ्याहून वडिलांकडे कोरेगावी निघालेल्या त्या मुलांना मसूर स्टेशनावर गाडीवान गाडीत घेईनात, हा प्रसंग त्यांनी पुढे परदेशी वाचकांस अस्पृश्यता कळावी म्हणून इंग्रजीत लिहून ठेवला. १९१३ ते १९१६ ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. १९७२ साली मुंबईच्या दलित तरुणांनी आपल्या संघटनेस अमेरिकन ब्लॅक पँथरांवरून नाव दिले, आणि जनार्दन वाघमारे यांच्या 'अमेरिकन निग्रो: साहित्य आणि संस्कृती' या ग्रंथाने राइट, एलिसन, बॉल्डविन ही नावे मराठी वाचकांच्या ओळखीची केली. जोतीरावांनी १८७३ साली ज्यांच्या मुक्तिदात्यांस नमस्कार केला होता, त्या लोकांचा स्वतःचा आवाज शंभर वर्षांनी येथे पोचला. आटपाडीचेच शंकरराव खरात यांचे 'तराळ-अंतराळ' १९८१ साली निघाले. गावकीची तराळकी करणाऱ्या बापाचा हा मुलगा कुलगुरूपदापर्यंत गेला, आणि तो आपली कहाणी स्वतः सांगतो. मध्ये कोणी मास्तर नाही.

माडगुळे आणि आटपाडी यांच्यात चार-दोन कोसांचेच अंतर. त्या टापूत आता टेंभूच्या योजनेने कृष्णेचे पाणी उपसून आणले आहे, आणि जेथे हुलगे व बाजरी होई तेथे डाळिंबाच्या बागा आहेत. पण त्यापूर्वीच्या कित्येक दशकांत दुष्काळाने उठलेली माणसे केवळ मेंढरे घेऊन गेली नव्हती. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या बाजूची हजारो कुटुंबे सोने-चांदी गाळण्याचा धंदा शिकून देशभर पांगली. सोनाराच्या दुकानातला केर विकत घ्यावा, तो जाळावा, धुवावा, भट्टीत घालावा आणि त्यातून गुंजभर सोने काढावे, हा गलाईचा उद्योग. तमिळ मुलखापासून बंगालपर्यंत पेठापेठांतून हे माणदेशी लोक भट्टीशी बसलेले आढळतात. त्यांच्या स्थलांतराएवढी मोठी गोष्ट या मुलखात दुसरी घडली नाही, आणि तिच्या तोलाची कादंबरी अद्याप आमच्या वाचनात आलेली नाही. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेस ही मंडळी दूरदूरच्या गावांहून येतात, नवस फेडतात, खिलार बैलांच्या बाजारातून हिंडतात, आणि परतीच्या गाडीची वेळ होईपर्यंत लिंबाखाली बसून एकमेकांस आपापल्या मुलखाच्या गोष्टी सांगतात.